विमानाची किंमत ठरलेली असते

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं आणि पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. विमानातले २४१ आणि खाली हॉस्टेलमधले व आसपासचे १९ गेले. प्रवाशांतला एकच जण चालत बाहेर आला. सगळे फोटो, सगळे व्हिडिओ, सगळे तर्क फिरून झाल्यावर माझ्या भाच्याने एक प्रश्न टाकला, "मावशी, तू एव्हिएशनमध्ये होतीस ना? विमानाच्या विम्याचा आकडा पेपरात लगेच आला. माणसांचा का येत नाही?"

मी एव्हिएशनमध्ये होते म्हणजे विमानात नव्हते, हे आधी सांगते, कारण या ब्लॉगवर येणाऱ्या काही जणांचा अजून तसा समज आहे. :-) एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत मी १९८० साली टायपिस्ट म्हणून चिकटले आणि त्यानंतरची बहुतेक नोकरी फोर्टमधल्या ऑफिसात एव्हिएशन खात्यात काढली. खातं कसलं, आठ टेबलं, दोन गोदरेजची कपाटं आणि टेलेक्सचं मशीन. दुपारी साडेतीनला लंडनची ऑफिसं उघडली की ते खडखडायला लागे. भाच्याचा प्रश्न मात्र ग्रुपवर "बघू नंतर" म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. त्याचं उत्तर तीन-चार शब्दांत दडलेलं आहे आणि त्या प्रत्येक शब्दाला इतिहास आहे. म्हणून हे इथे लिहितेय. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

पहिला शब्द 'हल'. आमच्या कागदांवर विमानाला क्वचितच विमान म्हटलेलं असे. 'हल पॉलिसी', 'हल क्लेम', 'हल व्हॅल्यू'. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या साहेबांना विचारलं की हल म्हणजे काय, तर म्हणाले, "जहाजाचं पोट. पाण्यात बुडतं ते." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण खरंच तसं आहे. विमानाचा विमा ज्यांनी सुरू केला ते सगळे जहाजवाले होते. लंडनला एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं, १६८० च्या दशकातलं. तिथे जहाजांचे मालक, कप्तान आणि पैसेवाले जमत. एका कागदावर जहाजाचं नाव, माल आणि प्रवास लिहायचा आणि ज्याला जेवढी जोखीम घ्यायची असेल त्याने खाली आपला हिस्सा लिहून सही करायची. खाली लिहिणारा तो अंडररायटर. शब्दात काही गूढ नाही, नुसती कागदावरची जागा आहे! त्या कागदाला 'स्लिप' म्हणतात. पहिला सही करणारा तो 'लीडर'. त्याने दर आणि अटी ठरवायच्या, बाकीच्यांनी त्याच्यामागून दहा टक्के, पाच टक्के, अडीच टक्के असं लिहीत जायचं. मोठ्या विमान कंपनीची जोखीम एकट्या कंपनीला झेपत नाही, ती अशी तुकड्या-तुकड्यांनी जगभर वाटली जाते. आमच्याकडून लंडनला जे टेलेक्स जात ते याच वाटपाचे.

तर या लॉइड्सने १९११ साली विमानाची पहिली पॉलिसी लिहिली. (त्याच वर्षी आपल्याकडे अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेलं होतं, जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल.) पण पुढच्याच वर्षी एका हवाई मेळाव्यात खराब हवेमुळे विमानं आपटली आणि मंडळींनी कानाला खडा लावला, १९१२ मध्ये हा धंदा बंद! पुन्हा सुरू झाला तेव्हा शब्द जहाजाचेच राहिले. हल, टोटल लॉस, स्लिप, आणि आपल्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा, 'ॲग्रीड व्हॅल्यू'.

गाडीच्या विम्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या भावाची मारुती चोरीला गेली तेव्हा त्याने पेट्रोल, पॉलिश, नवे टायर असा सगळा हिशोब मांडला होता आणि हातात पडली ती घसारा वजा जाता उरलेली रक्कम. त्यावरून आठ महिने पत्रापत्री. विमानाच्या हल पॉलिसीत सहसा असं होत नाही. पॉलिसी घेतानाच दोघं बसून ठरवतात की या विमानाची किंमत एवढे कोटी डॉलर. उद्या ते पूर्ण नष्ट झालं तर तेवढेच द्यायचे. बाजारात त्या दिवशी त्याचा भाव काय होता, इंजिन किती तास चाललं होतं, याची चर्चा नाही. अपघात नेमका कशाने झाला याचा तपास वर्षभर चालला तरी सहसा अडत नाही, कारण चूक पायलटची असो की पक्ष्याची, विमान तर गेलंच ना. जहाजाच्या मालकाला कर्ज देणारा सावकार असे, तसा विमानाला बँक किंवा भाड्याने देणारा असतो, आणि त्याला आकडा आधी हवा असतो. म्हणून पेपरात आकडा लगेच येतो. तो कुणी अपघातानंतर मोजलेला नसतो, आधीच छापून ठेवलेला असतो.

इतका आधी की विमान सापडलं नाही तरी चालतं. लंडनच्या छापील पॉलिसीत एक ओळ आहे : उड्डाणानंतर ६० दिवस विमानाचा ठावठिकाणा लागला नाही तर ते गेलं असं धरायचं. हीसुद्धा जहाजाचीच रीत, परत न आलेल्या गलबताची. ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० नाहीसं झालं तेव्हा मला ती ओळ पहिल्यांदा आठवली. टाईप करून करून ती बोटांत बसली होती, अर्थ असा कधी डोळ्यांसमोर आला नव्हता. कागदावर विमान ६० दिवसांत गेलं असं म्हणता येतं. त्यातल्या २३९ माणसांबद्दल मलेशिया सरकारने 'हा अपघात होता आणि सगळे मृत धरावेत' असं जाहीर केलं २९ जानेवारी २०१५ ला. मोजून ३२७ दिवस. आणि आपल्याकडच्या साध्या बेपत्ता माणसासाठी तर कायदा सात वर्षं थांबायला सांगतो.

आता 'ऑल रिस्क्स'. हा शब्द ऐकून नवीन माणूस निर्धास्त होतो. सगळ्या जोखमी! पण विम्यात 'सगळ्या' म्हटलं की खाली बारीक अक्षरांत काय काय नाही त्याची यादी येते. झीज नाही, बिघाड नाही, आणि युद्ध नाही. युद्धाची जोखीम वेगळी विकत घ्यायची, वेगळ्या लोकांकडून, तिचं नाव 'वॉर रिस्क'. जहाजांच्या काळी हे ठीक होतं. शत्रूचं जहाज तोफ डागतं म्हणजे युद्ध, खडकावर आदळलं म्हणजे अपघात. आकाशात ही रेघ कुठे ओढायची?

६ सप्टेंबर १९७० ला पॅन ॲमचं नवंकोरं ७४७ ॲम्स्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालं होतं. लंडनच्या आसपास दोघा पॅलेस्टिनींनी ते ताब्यात घेतलं, बैरूतला नेलं, तिथून कैरोला. माणसं घसरगुंड्यांवरून उतरली आणि काही मिनिटांत विमान उडवून दिलं. जीवितहानी शून्य. विमान २ कोटी ४० लाख डॉलरचं. मग भांडण सुरू झालं ते अतिरेक्यांशी नाही, विमावाल्यांचं विमावाल्यांशी. ऑल रिस्क्सवाले म्हणाले, हे युद्ध आहे, बंड आहे, दंगल आहे, आमच्या यादीत हे नाही. वॉर रिस्कवाले म्हणाले, दोन माणसं तिकीट काढून फर्स्ट क्लासमध्ये बसली, यात सैन्य कुठलं आणि बंड कुठलं? न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९७३ ला आणि अपिलात १९७४ ला निकाल दिला की ऑल रिस्क्सवाल्यांनी द्यायचे. तुम्ही जुन्या काळातले शब्द तसेच ठेवलेत, ते या प्रकाराला लागू पडत नाहीत, तुम्हाला नको होतं तर स्पष्ट लिहायचं होतं, असा त्याचा मथितार्थ. मग त्यांनी लिहिलं. आम्ही ज्याला नुसतं 'अठ्ठेचाळीस ब' म्हणायचो त्या वगळणुकीच्या कलमात युद्ध, अणुस्फोट, संप-दंगली, राजकीय किंवा दहशतवादी कृत्य, घातपात, सरकारी जप्ती असं एकेक करत शेवटी अपहरण येतं. मला त्या कलमाचा इतका कंटाळा होता म्हणून सांगू! पंधरा पॉलिस्या म्हणजे पंधरा वेळा तेच. त्यातली एकेक ओळ म्हणजे कुठल्या तरी धावपट्टीवरचा एकेक दिवस आहे, हे नोकरीच्या उत्तरार्धात कळलं.

'ऑकरन्स' या एका शब्दावर तर कुवेत एअरवेज वर्षानुवर्षं कोर्टात होती. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि विमानतळावर उभी असलेली १५ विमानं घेऊन गेल्या. पॉलिसीत जमिनीवर उभ्या विमानांसाठी एका घटनेला ३० कोटी डॉलरची मर्यादा होती, विमानांची ठरलेली किंमत त्याहून कितीतरी जास्त. १५ विमानं म्हणजे १५ घटना की एक? लंडनच्या न्यायाधीशांनी १९९६ मध्ये सांगितलं, एकच. प्रकरण पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, १९९९ पर्यंत. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर विमावाल्यांनी जगभरच्या विमान कंपन्यांना सात दिवसांची नोटीस दिली. ती सोय पॉलिसीत होतीच, कुणी वाचलेली नव्हती इतकंच. जमिनीवरच्या लोकांच्या नुकसानीचं युद्ध-दहशतवादाचं संरक्षण थेट ५ कोटी डॉलरवर आणलं आणि देशोदेशीच्या सरकारांना हमी द्यावी लागली, नाहीतर विमानं उडतीच ना. तो आठवडा मी डबा ऑफिसातच खाल्ला, दोन्ही वेळचा.

तरी इतकं सगळं लिहूनही रेघ सरळ होत नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर परदेशी कंपन्यांनी भाड्याने दिलेली शेकडो विमानं रशियात अडकली. ती पडली नाहीत, जळली नाहीत, तिथे व्यवस्थित उडत होती. फक्त मालकाला परत मिळत नव्हती. हे 'लॉस' आहे का? असेल तर ऑल रिस्क्स की वॉर? लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की १० मार्च २०२२ ला, रशियन सरकारने विमानं देशाबाहेर न्यायला बंदी केली त्या दिवशी, ती गेली असं धरायचं, आणि पैसे वॉर रिस्कवाल्यांनी द्यायचे. एअरकॅप या एकाच कंपनीला १०० कोटी डॉलरहून जास्त. निकालाची तारीख ११ जून २०२५. आमच्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी त्याचीच चर्चा होती, हौसेने. दुसऱ्या दिवशी दुपारी अहमदाबाद.

हे झालं विमानाचं. आता भाच्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू, माणसांची. तिला पॉलिसीत 'लायबिलिटी' म्हणतात. हा विमा प्रवाशाचा नव्हेच, विमान कंपनीचा असतो. कायद्याने कंपनीला प्रवाशाच्या घरच्यांना जे देणं लागेल ते विमावाला भरतो. म्हणजे आधी देणं ठरायला हवं. जाणाऱ्याचं वय काय, मिळकत काय, मागे कोण कोण, हे सगळं अपघातानंतर सुरू होतं.

भाचा म्हणाला, "मग तेही आधीच ठरवून टाकायचं ना, विमानासारखं." त्याला मी सांगितलं, ठरवलं होतं.

१२ ऑक्टोबर १९२९ ला वॉर्सामध्ये एक करार झाला. विमान कंपन्या तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होत्या, एका अपघातात दिवाळं निघालं असतं, आणि मर्यादा नसेल तर विमावाला दर तरी कसा सांगणार? म्हणून सौदा असा झाला की प्रवाशाला कंपनीची चूक सिद्ध करायची गरज नाही, पण एका माणसामागे जास्तीत जास्त सव्वा लाख फ्रँक. फ्रँक कुठला? चलनांवर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून सोन्यात मोजला. एक फ्रँक म्हणजे ६५.५ मिलिग्रॅम सोनं, ९०० कसाचं. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशोब केला होता, तो करून बघा : सव्वा लाख फ्रँक म्हणजे साधारण ७ किलो ३७० ग्रॅम शुद्ध सोनं. जुन्या तोळ्याने ६३० तोळ्यांच्या वर! आईला सांगितलं तर म्हणाली, "बरेच की गं." बरेच खरे, पण सोनं मिळत नव्हतं. मिळत होते सरकारी भावाने त्याचे डॉलर, अमेरिकेत ३५ डॉलरला एक औंस या भावाने ८,३०० डॉलर. १९५५ च्या हेग दुरुस्तीत दुप्पट झाले, म्हणजे १६,६००. आपल्याकडे पहिला करार १९३४ च्या कायद्याने आला आणि हेगची रक्कम १९७२ च्या कायद्याने. अमेरिकेला हे फारच कमी वाटलं, तिने करारातून बाहेर पडायची नोटीस दिली तेव्हा १९६६ पासून तिच्या भूमीला स्पर्श करणाऱ्या प्रवासांसाठी कंपन्यांनी ७५,००० डॉलर कबूल केले. म्हणजे न्यूयॉर्कला निघालेला आणि दुबईला निघालेला, माणूस तोच, मर्यादा निराळी. पुढे सोन्याचा सरकारी भावच संपला आणि कोर्टांना कळेना की फ्रँक मोजायचा कसा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये हरवलेल्या मालाच्या एका खटल्यात जुना सरकारी भावच धरला, पौंडाला ९.०७ डॉलर. तो हरवलेला माल होता नाण्यांचा.

ठरवलेल्या किमतीतून सुटायला एकच फट होती, कंपनीने 'जाणूनबुजून' गैरवर्तन केलं हे सिद्ध करायचं. म्हणजे मेलेल्या पायलटवर तसा आरोप करायचा. नाहीतर दुसरा कुणीतरी धरायचा, ज्याला वॉर्साची मर्यादा लागू नाही. १ जानेवारी १९७८ ची रात्र मुंबईच्या माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मी कॉलेजात होते. रविवार होता. एअर इंडियाचं पहिलं ७४७, 'सम्राट अशोक', सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं आणि बाहेर समुद्रावर मिट्ट काळोख, दुसरं बघायला काही नाही. घरच्यांनी खटला भरला तो अमेरिकेत, बोईंगवर आणि यंत्रं बनवणाऱ्यांवर. १ नोव्हेंबर १९८५ ला तिथल्या न्यायाधीशांनी १३९ पानांचा निकाल दिला. उत्पादकांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. जवळजवळ आठ वर्षांनी. मी तेव्हा खात्यात होते, निकालाची बातमी पेपरातून कापून आमच्या साहेबांनी फाईलला लावली होती. त्यांनी ती टाचणी लावताना काही म्हटलं नाही, एरवी ते बोलके होते.

हा सगळा अनुभव घेऊन १९९९ मध्ये मॉन्ट्रियलला नवा करार झाला. भारतात तो ३० जून २००९ पासून लागू आहे. त्यात रक्कम 'एसडीआर' या नाणेनिधीच्या हिशोबी एककात असते. सोनं गेलं, पाच चलनांची टोपली आली. ठरलेल्या आकड्यापर्यंत कंपनीला हात झटकता येत नाहीत. त्यापुढची मागणी असेल तर ती भरायची, आपली चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध केलं तरच सुटका. म्हणजे फिर्यादीवरचं ओझं उलटलं. आकडा मुळात १ लाख होता, २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० आहे. लोक हा आकडा ऐकून रुपयांत गुणाकार करतात आणि म्हणतात, एवढे मिळणार. तसं नाही. २२ मे २०१० ला मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दुबईचं विमान दरीत गेलं, १५८ गेले, तेव्हा हाच वाद झाला. केरळ हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी २०११ मध्ये म्हटलं, १ लाख एसडीआर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७५ लाख रुपये, ही किमान रक्कम आहे, सगळ्यांना द्या. त्याच वर्षी दोन न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं. ती छत नाही तशी जमीनही नाही, नुकसान दाखवावं लागेल. त्याच अपघातातल्या एका कुटुंबाला सुप्रीम कोर्टाने ७ कोटी ६४ लाख रुपये ठरवून दिले, मे २०२० मध्ये. अपघाताला दहा वर्षं होत होती.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं, थोडं मागेपुढे झालं असेल. तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ठरवलं तरी वाईट, नाही ठरवलं तरी वाईट." मला तसं वाटत नाही आणि मी त्याला तसं सांगितलं. मिळकतीचे पुरावे, लग्नाचे दाखले, अवलंबितांची यादी हे मागताना समोरच्याला काय वाटतं ते मी टेबलाच्या या बाजूने थोडंफार पाहिलं आहे, आणि तरीही ६३० तोळ्यांच्या हिशोबापेक्षा ते मला बरं वाटतं. निदान त्यात तो माणूस कोण होता हे कुणीतरी विचारतं. फक्त दहा वर्षं लागू नयेत. त्याला शब्दांची नाही, कोर्टांची आणि कंपन्यांच्या वकिलांची अडचण आहे, तो वेगळा विषय.

त्याने शेवटी विचारलं, पॉलिसीच्या कागदावर प्रवाशांबद्दल काहीच नसतं का? असतं. पॉलिसीला मागे एक तक्ता जोडलेला असे, मी शेकड्याने टाईप केलेत. रजिस्ट्रेशनची अक्षरं, बनावट, बनल्याचं वर्ष, मग ठरलेली किंमत, तिला दोन्ही बाजूंनी जागा सोडून, स्वल्पविराम तपासून, कारण तिथे चूक झाली तर पूर्ण पान पुन्हा. आणि शेवटचा अरुंद रकाना : 'सीट्स'. त्यात नुसता आकडा.